पुण्याचा संघ दिल्लीला कसा गेला?

इंडियन सुपर लीगच्या यंदाच्या यादीत ‘स्पोर्टिंग क्लब दिल्ली’ हे नवं नाव दिसतं. नवं आहे ते फक्त नाव. २०२५च्या उन्हाळ्यापर्यंत हा संघ हैदराबाद एफसी होता. आणि २०१९च्या उन्हाळ्यापर्यंत लीगमधली हीच जागा एफसी पुणे सिटीची होती. म्हणजे सहा वर्षांत तीन शहरं. घरमालकाने खोली खाली करायला सांगितली की बिऱ्हाड टेम्पोत घालून निघावं, तसा हा प्रवास.

मधल्या काळात या बिऱ्हाडाने चषकही जिंकला. मार्च २०२२ मध्ये गोव्यात, फातोर्ड्याच्या मैदानावर, हैदराबादने केरळ ब्लास्टर्सला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवलं. त्या हंगामात हैदराबादकडे कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. पुण्यातल्या ज्या पोरांनी पाच हंगाम बालेवाडीच्या स्टँडमध्ये नारिंगी जर्सी घालून घसा फोडला होता, त्यांनी तो सामना कोणाच्या बाजूने बघायचा होता?

मी रायगडाच्या पायथ्याशी हिरकणीवाडीत वाढले. आमच्याकडे खेळ म्हणजे कबड्डी आणि टेनिस बॉलचं क्रिकेट. फुटबॉल मोबाइलवरचा. तरी महाडच्या कॉलेजच्या गेटवर उभं राहिलं तर मेस्सीच्या दहा नंबरच्या जर्सी मोजता मोजता हाताची बोटं संपतात. मँचेस्टर युनायटेड कधी स्थापन झाला हे तोंडपाठ असलेले मित्र मला आहेत. त्यातल्या चौघांना मी विचारलं, महाराष्ट्राच्या कुठल्या संघाने सगळ्यात आधी राष्ट्रीय लीग जिंकली? कोणालाच सांगता आलं नाही. दोष त्यांचा नाही. तो संघ २०१० साली बंद झाला, तेव्हा आम्ही प्राथमिक शाळेत होतो.

उत्तर आहे, महिंद्र युनायटेड.

आधी यंदाचा गोंधळ

जुन्या गोष्टीकडे जाण्याआधी यंदा काय झालं ते थोडक्यात. २०१० साली अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने फुटबॉलचे व्यावसायिक हक्क पंधरा वर्षांसाठी रिलायन्सच्या भागीदारीतल्या कंपनीकडे दिले होते. करार साधारण ७०० कोटींचा. तो ८ डिसेंबर २०२५ला संपणार हे सगळ्यांना पंधरा वर्षं माहीत होतं. तरीही जुलै २०२५ मध्ये आयोजकांनी ‘पुढचं ठरेपर्यंत लीग थांबवत आहोत’ असं कळवलं, तेव्हा सगळे दचकले. महासंघाने नव्या भागीदारासाठी निविदा काढली. नोव्हेंबरमध्ये मुदत संपली तेव्हा एकही बोली आलेली नव्हती. डिसेंबरमध्ये मुंबई सिटी एफसीमधून सिटी फुटबॉल ग्रुप बाहेर पडला. हा मँचेस्टर सिटीचा मालक समूह, २०१९ पासून मुंबईच्या संघात त्याचा ६५ टक्के हिस्सा होता. शेवटी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात केंद्रीय क्रीडामंत्री मनसुख मांडविया यांनी जाहीर केलं की १४ फेब्रुवारीपासून चौदाही क्लबांना घेऊन छोटा हंगाम होईल.

सध्याचा गोंधळ लीगचा आहे, पण महाराष्ट्राला तो नवीन नाही. आपल्या दोन मोठ्या शहरांनी पंधरा वर्षांत राष्ट्रीय पातळीवरचे किती क्लब गमावले ते मोजायला बसले. महिंद्र युनायटेड, एअर इंडिया, ओएनजीसी, पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स, मुंबई एफसी, एफसी पुणे सिटी. आठ. यातला एकच संघ, मुंबई एफसी, तळाला जाऊन, खालच्या विभागात ढकलला गेल्यावर संपला. बाकीच्यांचा निकाल मैदानावर लागलाच नाही.

लाल जर्सी, जीपवाले

महिंद्रचा संघ १९६२चा. तेव्हा मुंबईत कंपन्यांचे संघ असणं ही साधी गोष्ट होती. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, बँका, रेल्वे, कस्टम्स. खेळाडूला कंपनीत नोकरी मिळायची, सकाळी सराव, मग ऑफिसात सही. कबड्डीतही तेच. आपल्या महाड-पोलादपूरकडच्या जुन्या माणसांना हे समजावून सांगावं लागत नाही. गिरणीत किंवा कंपनीत चिकटलेला माणूस गावाकडे आला की ‘तो कंपनीकडून खेळतो’ हे लग्नाच्या बोलणीत सांगायची गोष्ट होती. खेळण्याला पेन्शन होती असंच म्हणा.

नव्वदच्या दशकात हे चित्र बदललं. १९९६ मध्ये नॅशनल फुटबॉल लीग सुरू झाली, परदेशी खेळाडू आले, करार आले. महिंद्रने हा बदल इतर कंपन्यांपेक्षा नीट ओळखला. २००० साली संघाचं नाव ‘महिंद्र युनायटेड’ झालं. लोक त्यांना ‘जीपमेन’ म्हणायचे, कारण उघड आहे. ज्या कंपनीच्या जीपा आपल्या घाटांतून माणसं कोंबून वर चढल्या, तिचाच हा संघ. घरचं मैदान कूपरेज.

आणि संघ जिंकायचा. ड्युरँड कप १९९८, २००१ आणि २००८. फेडरेशन कप २००३ आणि २००५. कोलकात्यात जाऊन आयएफए शील्ड, २००६ आणि २००८. पण खरा हंगाम २००५-०६चा. प्रशिक्षक गोव्याचे डेरिक परेरा. पुढे ब्राझीलचा जोसे रामिरेझ बरेटो, ज्याला मोहन बागानचे लोक अजून देव मानतात, तो त्या वेळी मुंबईत होता. घानाचा युसिफ याकुबू. बचावात गोव्याचा महेश गवळी. उजवीकडून पळणारा मुंबईचाच स्टीव्हन डायस. त्या एका हंगामात त्यांनी फेडरेशन कपही जिंकला आणि राष्ट्रीय लीगही. तोवर ही लीग पंजाब, बंगाल आणि गोवा यांच्या बाहेर गेली नव्हती. २००७ मध्ये हाच संघ आशियातल्या एएफसी कपच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचला. मुंबईत पुन्हा देशाचं विजेतेपद यायला २०२१ उजाडलं.

मग २०१० मध्ये कंपनीने सांगितलं की हंगाम संपला की वरिष्ठ संघ बंद. यापुढे पैसा आणि लक्ष शालेय फुटबॉलकडे. ‘महिंद्र युथ फुटबॉल चॅलेंज’ नावाची आंतरशालेय स्पर्धा उभी राहिली.

हा निर्णय नीट बघा, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरतं. कंपनी बुडालेली नव्हती. कर्ज नव्हतं. संघाने दोन वर्षांपूर्वी ड्युरँड आणि शील्ड दोन्ही जिंकले होते. कोणी फसवलंही नव्हतं. उलट शाळेतल्या मुलांना खेळवायचं हे कारण ऐकायला इतकं चांगलं होतं की त्यावर ओरडायचं कोणी आणि काय म्हणून? कंपनीच्या ताळेबंदात संघ हा जाहिरातीचा आणि लोकसंपर्काचा खर्च असतो. तो कुठल्या रकान्यात ठेवायचा हा त्यांचा अधिकार. आपण ज्याला ‘क्लब’ म्हणत होतो तो खरं तर एक विभाग होता. विभाग बंद करायला सभासदांची सभा बोलवावी लागत नाही.

पुढच्याच वर्षी पंजाबात जेसीटीने तेच केलं. पहिली राष्ट्रीय लीग जिंकलेला संघ. त्यांनी कारण दिलं, टीव्हीवर आम्ही दिसतच नाही तर खर्च कशासाठी? उद्धट वाटेल, पण प्रामाणिक उत्तर होतं.

पुणे : तीनावरून शून्यावर

महिंद्रनंतरच्या कंपन्यांनी हा धडा घेतला असं वाटलं होतं. त्यांनी कंपनीचं नाव सोडून शहराचं नाव लावलं. अशोक पिरामल समूहाने २००७ मध्ये पुणे एफसी काढला. त्याच वर्षी एस्सेल समूहाने मुंबई एफसी.

पुणे एफसीबद्दल मला विशेष वाईट वाटतं, कारण त्यांनी पुस्तकात लिहिल्यासारखं सगळं केलं. दुसऱ्या विभागातून खेळून वर आले. महिंद्र सोडून आलेले डेरिक परेरा त्यांचे प्रशिक्षक झाले. २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये चर्चिल ब्रदर्सच्या मागे दुसरा नंबर. अकादमी तर देशातल्या चांगल्यांपैकी. मिझोरमचा जेजे लालपेखलुआ पुण्याकडून मोठा झाला. पुढे भारताकडून खेळलेला केरळचा आशिक कुरुनियन याच अकादमीतून आला.

२०१५चा वसंत डोळ्यासमोर आणा. आय-लीगमध्ये पुणे एफसी आणि कल्याणी समूहाचा नवाकोरा भारत एफसी. सुपर लीगमध्ये वाधवान समूहाचा एफसी पुणे सिटी, ज्याच्या पोस्टरवर आधी सलमान खान आणि मग हृतिक रोशन. तिन्ही संघांचं घर एकच, बालेवाडी. एका शहरात राष्ट्रीय पातळीचे तीन क्लब.

पुढच्या हंगामात आय-लीगमधले दोन्ही नव्हते. भारत एफसी तर एका हंगामाचा पाहुणा ठरला. पुणे एफसीची अकादमी २०१६ मध्ये पुणे सिटीने घेतली. मधेच डीएसके शिवाजियन्स आय-लीगमध्ये आला. मूळ क्लब १९८७चा, पण वर आला तो बांधकाम समूहाच्या पैशावर. त्यांनी पुण्यात लिव्हरपूलच्या नावाची अकादमीही चालवली. दोन हंगाम खेळून २०१७ मध्ये तोही गेला. मग २०१९ मध्ये वाधवान समूहाचं आर्थिक गणित कोसळलं आणि पुणे सिटी. प्रशिक्षक फिल ब्राऊन आणि बरेचसे खेळाडू हैदराबादला गेले. म्हणजे संघ जवळजवळ तसाच, फक्त पाटी दुसरी. साडेचार वर्षांत तीनावरून शून्य.

मुंबईत वेगळ्या वाटेने तेच. २०१३ मध्ये एअर इंडिया आणि ओएनजीसीला आय-लीगमधून वगळलं, कारण आशियाई महासंघाच्या क्लब परवान्याच्या अटी त्यांना पूर्ण करता आल्या नाहीत. खरं तर ती अट बरोबर होती. ऑफिसचा संघ म्हणजे क्लब नव्हे, स्वतंत्र कंपनी हवी, युवा संघ हवेत. पण त्या अटींमुळे खेळाडूची कायमची नोकरी गेली आणि तिच्या जागी वर्षाचा करार आला.

राहिला मुंबई एफसी. या संघाने कधी काही मोठं जिंकलं नाही. कूपरेजचं काम चालू असताना काही हंगाम ‘घरचे’ सामने पुण्यात जाऊन खेळला. पण सात वर्षं खालिद जमील नावाचा माणूस अतिशय कमी पैशांत हा संघ पहिल्या विभागात टिकवून होता. जमील स्वतः महिंद्र, एअर इंडिया आणि मुंबई एफसीकडून खेळलेले. म्हणजे ज्या तीन क्लबांची जर्सी त्यांनी घातली, ते तिन्ही राष्ट्रीय नकाशावरून पुसले गेले. २०१६ मध्ये मुंबई एफसीने त्यांना जाऊ दिलं. ते मिझोरमच्या आयझॉल एफसीकडे गेले आणि २०१६-१७ची आय-लीग जिंकले. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला जाऊन खालच्या विभागात ढकलला गेला, आणि मालकांनी दुकान बंद केलं. ऑगस्ट २०२५ पासून जमील भारताचे मुख्य प्रशिक्षक आहेत. सिनेमात असं दाखवलं असतं तर आपण ‘काहीही’ म्हटलं असतं.

आयझॉल त्या हंगामात होता कसा, हेही ऐकण्यासारखं आहे. आदल्या वर्षी तो खाली घसरला होता. पण २०१६ मध्ये गोव्याच्या क्लबांनी महासंघाच्या नव्या आराखड्यावर चिडून आय-लीगमधून माघार घेतली, साळगावकर, स्पोर्टिंग आणि नंतर धेंपो. जागा रिकामी झाली म्हणून आयझॉलला परत बोलावलं. एकाचं मरण दुसऱ्याचा जन्म असं फुटबॉलमध्ये अगदी शब्दशः होतं.

विंबल्डनवाल्यांनी काय केलं

क्लब युरोपातही मरतात. तिकडे भावना खऱ्या आणि इकडे नकली असं काही नाही. इंग्लंडमध्ये १८८५चा बरी नावाचा क्लब ऑगस्ट २०१९ मध्ये पैशाअभावी लीगमधून काढून टाकला गेला. म्हणजे त्याच उन्हाळ्यात, जेव्हा पुणे सिटी संपला. पण पुण्याशी जास्त जुळणारी गोष्ट विंबल्डनची आहे.

विंबल्डन एफसी, १८८९चा. १९८८ मध्ये एफए कपच्या अंतिम सामन्यात त्यांनी त्या काळच्या बलाढ्य लिव्हरपूलला हरवलं. तीनच वर्षांनी त्यांचं प्लो लेन हे मैदान सुटलं आणि ते दुसऱ्याच्या मैदानावर भाड्याने खेळू लागले. (मैदान गेलं की काय होतं ते लक्षात ठेवा.) मालकांनी ठरवलं की संघ मिल्टन कीन्स या नव्या शहरात हलवायचा, लंडनपासून ऐंशीएक किलोमीटरवर. मे २००२ मध्ये आयोगाने परवानगी दिली.

समर्थकांनी काही आठवड्यांत नवा क्लब काढला, एएफसी विंबल्डन. खेळाडू निवडायला विंबल्डन कॉमनच्या मोकळ्या मैदानावर खुल्या चाचण्या ठेवल्या. नवव्या पायरीवरच्या लीगमधून सुरुवात. मालकी समर्थकांच्या ट्रस्टकडे. नऊ वर्षांत पाच वेळा वर चढून २०११ मध्ये ते फुटबॉल लीगमध्ये पोचले. २००७ मध्ये तर मिल्टन कीन्सवाल्यांनी जुन्या क्लबचे चषक त्या भागाच्या पालिकेकडे परत दिले, म्हणजे १९८८चा तो विजय कागदोपत्रीही घरी आला. आणि नोव्हेंबर २०२०ला नवा क्लब प्लो लेनवर बांधलेल्या नव्या मैदानात राहायला गेला.

आता पुण्याकडे वळा. समजा २०१९ मध्ये बालेवाडीच्या स्टँडमधल्या पाचशे पोरांनी ठरवलं असतं, आपण आपला क्लब काढू. कुठे खेळले असते? पुणे जिल्हा लीग आहे, तिथे नाव नोंदवता आलं असतं. पण तिथून राज्य, राज्यातून देश, अशी चढत जाणारी शिडी तेव्हा नीट उभी नव्हती. सुपर लीगमध्ये तर खालून वर यायची वाटच नव्हती, ती २०२३ पासून उघडली. मैदान सरकारी, दिवसाच्या भाड्याने. आणि चषक, नाव, चिन्ह, रंग हे सगळं कंपनीची मालमत्ता. समर्थकांकडे राहिली ती अंगातली जर्सी, तीही विकत घेतलेली.

इंग्लंडमध्ये लोक जास्त निष्ठावान असतात म्हणून विंबल्डन जगला, असं मला वाटत नाही. खाली जागा होती म्हणून जगला. पडल्यावर उभं राहायला जमीन लागते.

कोल्हापुरात क्लब का मरत नाही

ती जमीन आपल्याकडे एका गावात आहे, आणि ते मुंबईही नाही, पुणेही नाही. कोल्हापूर. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार ही तालीम मंडळं, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. मुळात बऱ्याच या कुस्तीच्या तालमी किंवा पेठांची मंडळं. शाहू स्टेडियमवर लीगचा सामना असला की दुकानदार शटर अर्धं खाली घेतो. घरात संघ आजोबांकडून नातवाकडे येतो. प्रायोजक येतो आणि जातो, संघ पेठेचाच राहतो. कारण पाटाकडीलला कोणी हैदराबादला नेऊ शकत नाही. नेऊन करणार काय?

याचं फार गोड चित्र रंगवायलाही नको. त्या स्टेडियमवर हाणामाऱ्या होतात, सामने थांबतात, परदेशी खेळाडू आणण्याची चढाओढ लागते. आणि यातला एकही क्लब राष्ट्रीय लीगमध्ये नाही. पेठेची वर्गणी आणि गल्लीतले देणगीदार यांच्यावर सुपर लीगचा एक महिनाही निघणार नाही. म्हणून तर अनिकेत जाधवला आधी पुण्याची क्रीडा प्रबोधिनी आणि मग देशभरचे क्लब गाठावे लागले.

कोलकात्यात दोन्हीचं भांडण चालू आहे, म्हणून ते बघण्यासारखं आहे. १८८९चा मोहन बागान आणि १९२०चा ईस्ट बंगाल या सभासदांच्या संस्था आहेत. पैसा त्यांनाही कंपन्यांकडूनच घ्यावा लागतो. ईस्ट बंगालचे गुंतवणूकदार एकामागून एक भांडून गेले, क्लब राहिला. २०२० मध्ये मोहन बागान सुपर लीगमधल्या एटीकेशी जोडला गेला आणि नाव ‘एटीके मोहन बागान’ झालं, तेव्हा समर्थकांनी तीन वर्षं ‘एटीके हटवा’ची मोहीम चालवली. २०२३ मध्ये ती तीन अक्षरं गेली. मालक तोच आहे, पण त्याला ऐकावं लागलं.

गोव्याच्या धेंपोचंही तसंच काहीसं. धेंपो एका उद्योगघराण्याचा संघ, पाच वेळा देशाचा विजेता. २०१६ मध्ये राष्ट्रीय लीग सोडली, पण क्लब मोडला नाही. गोव्याची लीग, अकादमी, गावागावांतले सामने चालू ठेवले. खालच्या विभागातून खेळत २०२४-२५ला आय-लीगमध्ये परत आला. महिंद्रने वरिष्ठ संघ ठेवून फक्त मुंबईच्या हारवुड लीगमध्ये खेळवला असता, तर आज परत यायला एक दार तरी राहिलं असतं.

आपला काय संबंध?

हे वाचताना महाडचा एखादा कबड्डीपटू म्हणेल, फुटबॉलचं तुमचं तुम्ही बघा. तर जरा थांब, मित्रा. प्रो कबड्डी लीग २०१४ साली सुरू झाली, सुपर लीगच्याच वर्षी. ती सुरू करणाऱ्या मशाल स्पोर्ट्समागे चारू शर्मा यांच्यासोबत होते आनंद महिंद्र. यू मुंबा आणि पुणेरी पलटण हेही फ्रँचायझीच आहेत. त्यांचा आपल्या गावातल्या मंडळांशी लेखी संबंध शून्य. तिथला करार हंगामाचा. आपल्याकडच्या पोरांचा जीव ज्या लीगमध्ये अडकलाय तिची रचना पुणे सिटीच्या रचनेपेक्षा फार वेगळी नाही.

उलट गावाकडचा संघ बघा. हिरकणीवाडीत सपाट जागा शोधायची म्हणजे आधी डोंगराची परवानगी काढायची. आमच्याकडे संघ दर दोन-चार वर्षांनी मोडतो. बारावी झाली की पोरं मुंबईला, पुण्याला, नाहीतर महाडच्या एमआयडीसीत. मग शिमग्याला चाकरमानी आले, ग्रामस्थ मंडळ आणि मुंबई मंडळ यांची बैठक झाली, वर्गणी लागली की संघ पुन्हा उभा. जर्सीवर कधी किराणा दुकानाचं नाव, कधी गाववाल्या कंत्राटदाराचं. कोणी त्याला व्यावसायिक म्हणणार नाही. पण हा संघ विकायचा कोणाला अधिकार नाही, हे मात्र खरं.

हे दोन्ही एकत्र कसे बांधायचे, हा माझ्या मते महाराष्ट्रातल्या खेळाचा आजचा मुख्य प्रश्न आहे. जर्मनीत क्लबच्या मतांचा निम्म्याहून जास्त वाटा सभासदांकडेच असला पाहिजे असा नियम आहे. तो उचलून जसाच्या तसा इथे लावता येणार नाही, निम्मा वाटा घेणारे सभासद आधी हवेत. पण छोट्या अटी घालता येतात. फ्रँचायझी देताना नाव, चिन्ह आणि आधीचे विजय शहराकडे राहतील असं लिहून घ्या. मैदान दिवसाच्या भाड्याऐवजी दीर्घ मुदतीने द्या, आणि त्या बदल्यात युवा संघ जिल्हा लीगमध्ये खेळवण्याची अट घाला. क्लब बंद करायचा असेल तर एक हंगाम आधी नोटीस. एवढ्या तीन गोष्टी असत्या तर पुण्यात २०१९ नंतर निदान एक युवा संघ तरी राहिला असता.

आता मेस्सीकडे येते, कारण त्या जर्सीवाल्यांना मी विसरलेले नाही. लीगचा करार ८ डिसेंबरला संपला आणि १४ डिसेंबरला मेस्सी वानखेडेवर होता. तिकिटं हजारोंच्या घरात, स्टेडियम भरलेलं. त्याच कार्यक्रमात राज्य सरकारच्या ‘महादेवा’ या उपक्रमाचं उद्घाटन झालं. राज्यभरातून तेरा वर्षांखालच्या मुलामुलींना निवडून त्यांना प्रशिक्षण द्यायचं, अशी ही योजना. निवडीसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत चाचण्या झाल्या. योजना चांगली आहे, मनापासून. फक्त २०१० मध्ये महिंद्रनेही लहान मुलांकडे लक्ष देतो म्हणूनच वरचा संघ बंद केला होता. शाळेतल्या स्पर्धा झाल्या, मुलं खेळली, आणि अठरा वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यासाठी मुंबईत महिंद्रची लाल जर्सी नव्हती.

‘महादेवा’त निवडलेली बारा-तेरा वर्षांची मुलं २०३१च्या आसपास अठरा वर्षांची होतील. आज सुपर लीग आणि आय-लीग या वरच्या दोन्ही विभागांत मिळून महाराष्ट्राचा एकच क्लब आहे, मुंबई सिटी. त्याचा सगळ्यात मोठा भागधारक डिसेंबरमध्ये निघून गेला. पुण्याची जागा दिल्लीत आहे.